आमच्या तळ्यावर लून पक्षी अंडी उबवायला बसलेत (न्यू हॅम्पशायर) - प्रकाशचित्रं (प्रचि) आणि गप्पा

पाणवठा | ३१ मे

नमस्कार मंडळी, बरेच महिने रोमात (नुसता वाचत) होतो, आज धागा काढायला कारण मिळालंय. आम्ही दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या लेक्स रीजनमधे राहायला आलो, घरापासून चालत दहा मिनिटांवर एक तळं आहे. इथले लोक त्याला पाँड म्हणतात पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कयाक वल्हवत जायला अर्धा तास सहज लागतो. तळ्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, घरटं आहे म्हणून.

पहिल्या वर्षी मे महिन्यात रात्री दोनला तळ्यावरून असा आवाज आला की बायको दचकून उठून बसली, म्हणाली कोणीतरी रडतंय. मला आधी कोल्हेकुई वाटली. लांबलचक, वर चढत जाणारा एकच सूर, आणि मग पलीकडच्या किनाऱ्यावरून तसाच दुसरा. सकाळी शेजारच्या आजींनी सांगितलं, लून. तेव्हापासून मी ह्या पक्ष्याच्या नादाला लागलोय ते लागलोयच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बदकापेक्षा बराच मोठा, चार-पाच किलो भरणारा, पाण्यात खोल बसलेला, काळं डोकं, गळ्यात पांढऱ्या रेघांचा पट्टा, पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन, आणि डोळा लालभडक. बर्फ वितळलं की दोन-चार दिवसांत समुद्रावरून परत येतात. ह्या वर्षी २४ एप्रिलला तळं मोकळं झालं आणि २७ ला सकाळी नर-मादी दोघं हजर.

परवापासून बसलेत. छोट्या बेटाच्या कडेला कुजक्या पाणगवताचा ढीग केलाय, पाण्यापासून जेमतेम वीतभर लांब. ह्यांचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, बुडी मारायला एकदम बेस्ट, पण जमिनीवर चालता येत नाही, पोटावर घसटत जावं लागतं, म्हणून घरटं असं की पाण्यातून सरळ वर सरकता यावं. अंडी दोन आहेत, ऑलिव्ह रंगाची, गडद ठिपक्यांची. पाळीपाळीने दोघंही बसतात, दोघं दिसायला अगदी सारखे.

प्रचि १: सकाळी ६ वाजता, घरट्यावर.
प्रचि २: अंडी उलटवताना.
प्रचि ३: हा माझा सगळ्यात आवडता. मान पुढे लांब करून, चोच पाण्याकडे टेकवून पडलाय, किती निवांत झोपलाय बघा. (१ जूनला बदललेला मथळा: झोपलेला नाही, घाबरलाय, खालचे प्रतिसाद वाचा.)

कयाकमधून, १५०-६०० लेन्स. सूचना जरूर सांगा.

मृण्मयी१२ | ३१ मे

काय सुंदर आहे हा! तो लाल डोळा!! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फोकल_लेंथ | ३१ मे

मस्त सुरुवात. दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. एक, प्रचि १ मधे छातीचं पांढरं पार उडालंय. डोकं काळंकुट्ट, छाती पांढरीशुभ्र, कॅमेरा डोक्याकडे बघून एक्सपोजर वाढवतो आणि पिसांचा पोत जातो, तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन मायनस ०.७ किंवा सरळ मायनस १ ठेवा, रॉ (RAW) फाइलमधे काढा, सावल्या नंतर वर आणता येतात पण जळालेलं पांढरं परत येत नाही. दुसरं, डोळ्याचा लाल रंग फक्त सूर्य तुमच्या पाठीमागे आणि खाली असताना दिसतो, उगवल्यावर पहिला तास-दीड तास, एकदा ऊन वर चढलं की डोळा काळाच दिसणार.

स्वराली_मेन | १ जून

पाणवठा, मी शेजारच्या मेन राज्यात असते, सहा वर्षं लूनच्या मोजणीत स्वयंसेवक म्हणून जाते. फोटो छान आहेत पण प्रचि ३ बघून मला राहवलं नाही. तो झोपलेला नाहीये हो. मान अशी खाली, पाण्याच्या बाजूला लोंबकळल्यासारखी लांब करणं म्हणजे तो घाबरलाय, स्वतःला चपटा करून लपवतोय, आणि चोच पाण्याकडे ह्याचसाठी की अजून थोडं कोणी जवळ आलं तर सरळ पाण्यात घसरायचं. तो उतरला की अंडी उघडी, वर चक्कर मारणारे कुरव (गल) आणि डोमकावळे ह्याचीच वाट बघत असतात, शिवाय सकाळची थंडी किंवा दुपारचं ऊन, दोन्ही अंड्यांना वाईट.

खरा झोपलेला लून चोच मागे वळवून पाठीच्या पिसांत खुपसतो.

तुम्ही किती अंतरावर होतात?

पाणवठा | १ जून

ताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून जेवण गेलं नाही. मूळ फाइल उघडून बघितली. ६०० मिमीला पक्षी जवळजवळ पूर्ण फ्रेम भरतोय, म्हणजे मी पंचवीस मीटरच्या आत होतो. आणि फोटोंच्या वेळा बघितल्या तर त्याच मुद्रेतले माझ्याकडे अकरा मिनिटांचे फोटो आहेत. अकरा मिनिटं तो पक्षी माझ्यामुळे जमिनीला चिकटून पडला होता आणि मी "वा काय पोज" म्हणत शटर दाबत होतो. शेवटच्या फोटोत तर पुढचा अर्धा भाग ढिगाच्या कडेवरून खाली आलाय, पाण्याला टेकलाय, तेव्हा नशिबाने माझी बॅटरी संपली आणि मी वळलो.

प्रचि ३ काढत नाहीये, तसाच ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला कळेल. खाली मथळा बदललाय.

स्वराली_मेन | १ जून

मथळा बदललात हे फार चांगलं केलंत. मनाला लावून घेऊ नका, मीही पहिल्या वर्षी असाच एक फोटो आईला पाठवला होता आणि तो आमच्या भागाच्या समन्वयक बाईंना दिसला होता.

इथे साधारण दीडशे फूट म्हणजे ४५ मीटर अंतर ठेवा असं सांगतात, पण तो कमीत कमी आकडा समजा. घरट्यावरचा पक्षी मान खाली घालतोय का हेच खरं मोजमाप, घातली तर दीडशे असो की तीनशे, तुम्ही जास्त जवळ आहात, पाठ न फिरवता हळू मागे जायचं. आणि सलग थांबायचं नाही, वल्हवत वल्हवत बाजूने निघून जाणारी बोट त्यांना चालते, थांबून त्यांच्याकडे तोंड करून बसलेली चालत नाही.

उजनीकाठ | २ जून

पाणवठा साहेब, मी भिगवणकडचा, हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतो. तुमचा पक्षी कधी बघितला नाही पण मान टाकून चपटं होणं लगेच ओळखलं, आमच्याकडे वाळूच्या बेटावर नदीसुरय बसतो तो पण असंच करतो. घरी कोंबडी रवणीला बसली की आमची आई कुणाला त्या कोपऱ्यात फिरकू देत नव्हती, हे तेच हाय. पर्यटक म्हणतात दादा जरा जवळ घ्या, जरा उडवा ना, उडताना फोटो मिळत नाय. मी नाही घेत. धंद्याला मार बसतो कधी कधी पण नाही घेत.

आमची टिबुकली अंड्यावरून उठताना चोचीने पाणगवत ओढून अंडी झाकून जाते, लांबून बघितलं तर नुसता कचरा तरंगतोय वाटतं. तुमचा लून झाकतो का?

पाणवठा | २ जून

नाही ना दादा, लून झाकत नाही, उठला की अंडी तशीच उघडी. टिबुकलीचं हे माहीतच नव्हतं मला, पाषाण तलावावर लहानपणी शेकडो वेळा बघितली असेल.

चिंचवडचे_आजोबा | ३ जून

वाचतोय. एक शंका, ह्या पक्ष्याला मराठी नाव आहे का? आणि जोडी सारस पक्ष्यासारखी जन्मभराची असते का?

स्वराली_मेन | ३ जून

काका, रुळलेलं मराठी नाव माझ्या तरी कानावर नाही, कारण हा आपल्याकडचा पक्षीच नाही. ब्रिटनमधे ह्यालाच ग्रेट नॉर्दर्न डायव्हर म्हणतात.

जन्मभराच्या जोडीचं म्हणाल तर सगळीकडे तसं लिहिलेलं दिसतं, टी-शर्टवर सुद्धा, पण पायात रंगीत कडी घालून एकेका पक्ष्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला लागले तेव्हा कळलं की तसं नाहीये. त्यांची निष्ठा जास्त करून तळ्याशी असते. दुसरा नर येऊन भांडून जागा बळकावतो, मादी त्याच्याबरोबर राहते, हरलेला शेजारच्या तळ्यावर जातो. नरांच्या मारामाऱ्या भयंकर असतात, एकमेकांची डोकी चोचीत धरून पाण्याखाली दाबतात, कधी एकाचा जीवही जातो. माद्या पण भांडतात, फक्त त्यात जीव जाणं फार क्वचित.

निशिगंध | ५ जून

मी बॉस्टनजवळ असते. आमच्या मॅसॅच्युसेट्समधे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत लून नाहीसे झाले होते, शिकार आणि किनाऱ्यावरची वस्ती ह्यामुळे. १९७५ मधे क्वाबिन जलाशयावर जोडी घरटं करताना दिसली. हा जलाशय म्हणजे बॉस्टनच्या पाण्यासाठी १९३० च्या दशकात चार गावं उठवून केलेला, मी मुळशीची, त्यामुळे तिथल्या काठावर उभं राहिलं की पाण्याखालची गावंच आधी डोळ्यासमोर येतात. पण त्या पाण्यावर बोटींवर बरीच बंधनं आहेत म्हणा किंवा बेटं खूप झाली म्हणा, लून परत आले. पुढे २०१५ पासून मेन आणि न्यूयॉर्कमधून काही पिल्लं आणून राज्याच्या आग्नेय भागात सोडली, त्यांच्यातलेच पक्षी मोठे होऊन परत आले आणि २०२० मधे फॉल रिव्हरकडे पिल्लू निघालं.

टोरांटोकर | ५ जून

आमचा राष्ट्रीय पक्षी नसला तरी खिशातला पक्षी आहे तो! कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून लून, म्हणून नाण्यालाच लूनी म्हणतात. गंमत म्हणजे आधी नाण्यावर होडीतले व्हॉयेजर (पूर्वी होडीतून फरचा माल वाहणारे लोक) येणार होते, पण त्याचे साचे ऑटावाहून विनिपेगला पाठवताना वाटेतच गहाळ झाले, कोणी खोटी नाणी पाडू नयेत म्हणून डिझाइनच बदललं आणि लून आला.

पाणवठा | ११ जून

अपडेट. आता मी घरट्यापासून सव्वाशे मीटर लांब एका खडकाच्या आडोशाला, जमिनीवरून दुर्बिणीतून बघतोय, कयाक त्या बाजूला नेतच नाही. कॅमेरा बहुतेक वेळ बॅगेतच. आणि खरं सांगू, आता जास्त दिसतंय. अदलाबदल कशी होते ते बघितलं, दुसरा जोडीदार लांबूनच बारीक "हू" करतो, एकच सूर, आपण बाळाजवळ बोलतो तसा, मग बसलेला उठतो, अंडी चोचीने सरकवतो, घसरून पाण्यात जातो, आणि पाण्यात गेल्यागेल्या दोन मिनिटं नुसता आळोखेपिळोखे देतो. आज सकाळी ही अदलाबदल ७.१० ला झाली.

काळ्या माशांनी वैताग आणलाय. डोक्याभोवती ढग असतो नुसता, बसलेला लून सारखा मान झटकतोय. काही ठिकाणी ह्या माशांच्या त्रासाने लून अंडी सोडून जातात असं वाचलं, धाकधूक आहे.

स्वराली_मेन | ११ जून

हो, एक जात तर लूनचंच रक्त पिणारी आहे. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा वाईट, मग कमी होतात. दोन आठवडे काढलेत त्यांनी, आता बसतील.

रानवेडा_७ | १३ जून

भारी धागा. मी पुढच्या महिन्यात फिरायला व्हरमाँटला येतोय. फोनवर लूनचा आवाज वाजवला तर जवळ येतो असा व्हिडिओ बघितला, कोणी ट्राय केलंय का? ड्रोनने पण वरून घरट्याचा शॉट मस्त येईल.

पाणवठा | १३ जून

कृपया दोन्ही नको. लूनचे आवाज चार प्रकारचे आहेत. तो लांब रडल्यासारखा सूर म्हणजे "कुठे आहेस", जोडीदाराला हाक. थरथरत हसल्यासारखा आवाज म्हणजे धोका, तो ऐकू आला की आपण काहीतरी चुकतोय असं समजायचं. घरातल्या घरात बारीक "हू". आणि चौथा योडल, चढउताराचा, लांबवर जाणारा, तो फक्त नर काढतो आणि अर्थ एकच, ही जागा माझी आहे. प्रत्येक नराचा योडल वेगळा असतो, तळं बदललं तर तो योडलही बदलतो. फोनवर तो आवाज वाजला म्हणजे नराला वाटतं कोणी परका नर घुसलाय, तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला धावतो, आणि व्हिडिओत लोकांना वाटतं बघा कसा प्रेमाने जवळ आला.

ड्रोन त्यांना वरून येणाऱ्या गरुडासारखाच. शिवाय इथे स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा १९१८ पासून आहे, लून त्याच्या संरक्षणाखाली येतो, आणि न्यू हॅम्पशायरमधे तर तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

रानवेडा_७ | १३ जून

ओके, नव्हतं माहीत. नाही करणार. मग किनाऱ्यावरून दिसेल का?

स्वराली_मेन | १४ जून

दिसेल की. पहाटे सार्वजनिक किनाऱ्यावर शांत बसा, पाणी काचेसारखं असेल तर आपोआप समोरून जातात.

पाणवठा | २६ जून

निघालं!!! एक पिल्लू!

सकाळी ६.४० ला बसलेल्याच्या पंखाखालून काळा कापसाचा गोळा बाहेर आला, परत आत गेला. २९ मे ला बसले, आज बरोबर २८ दिवस.

मृण्मयी१२ | २६ जून

अभिनंदनननन!! आत्याबाईंना घुगऱ्या पाठवा.

उजनीकाठ | २६ जून

लय भारी. दुसरं पण निघंल उद्यापर्यंत.

पाणवठा | २८ जून

दुसरं काल दुपारी निघालं आणि आज सकाळी घरटं रिकामं, चौघंही पाण्यात. एका दिवसाचं पिल्लू पोहतं, मीच बघितलं नसतं तर विश्वास बसला नसता. पण थोडा वेळच, मग आई की बाबा, जो कोणी असेल तो, पंख किंचित उचलून खाली उतार करतो आणि पिल्लू मागून चढून पाठीवर. दोन आठवडे साधारण असं पाठीवर बसवतात, ऊब मिळते, आणि खालून मासे, कासवं, वरून गरुड, सगळ्यांपासून जपणूक.

उजनीकाठ | २९ जून

टिबुकली पण पाठीवर घेते पिल्लं! पंखातनं नुसती डोकी बाहेर. बुडी मारली तरी कधी कधी चिकटून राहत्यात.

पाणवठा | ३ जुलै

आता प्रचि. सगळे ४५ मीटरच्या बाहेरून, सगळे क्रॉप केलेले, त्यामुळे थोडे दाणेदार आहेत, मला चालतात.

प्रचि ४: पाठीवर दोघं, एक झोपलंय, एक मागे बघतंय.
प्रचि ५: भरवताना. हा मला नीट सांगायचाय. मोठा पक्षी अंगठ्याएवढा मासा चोचीत आडवा धरून आणतो. पिल्लासमोर धरतो. पिल्लू घेतं आणि पाडतं. मोठा मान पाण्यात घालून तोच मासा परत उचलतो, परत धरतो. परत पडतो. मी मोजलं, सात वेळा. सातव्यांदा पिल्लाने तो डोक्याकडून धरला आणि गिळला, गळा असा फुगला की डोळे मिटले बिचाऱ्याने. तोपर्यंत मोठा हलला नाही.

पद्धत अशी, पाठलाग अजिबात नाही. ते कोणत्या कोपऱ्यात मासे पकडतात ते दोन दिवस नुसतं बघितलं, मग त्या वाटेपासून लांब, लव्हाळ्याच्या कडेला पहाटे ५ लाच जाऊन थांबलो, वल्हं आत घेतलं, लेन्स बीनबॅगवर कयाकच्या नाकावर. पाण्याच्या पातळीवरून फोटो घेतला की मागचं पाणी सगळं मऊ होतं. आई आणि पिल्लू ह्यांच्या मधे कधीही यायचं नाही, मोठा बुडी मारून गेला की पिल्लू वर एकटं राहतं, त्या वेळी आपण हललो तर दोघांची चुकामूक होते.

फोकल_लेंथ | ३ जुलै

प्रचि ५ अप्रतिम. दाणे असू देत. पंख फडफडवण्याचा हवा असेल तर पिसं साफ करायला लागला की तयार राहा, साफसफाई संपली की तो पाण्यात उभा राहून पंख झाडतोच, शटर १/२००० ला.

पाणवठा | ६ जुलै

चार जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. तळ्यावर इतक्या मोटरबोटी मी कधी बघितल्या नव्हत्या. एक जण पिल्लांच्या कोपऱ्यातून फुल स्पीडने गेला, लाट आली, पिल्लं बुचाच्या तुकड्यांसारखी वर-खाली. मोठा लून पाण्यावर ताठ उभा राहिला, छाती बाहेर, पंख फाकून, पाय मारत मारत, चोच गळ्याशी. इथे ह्याला पेंग्विन डान्स म्हणतात, आणि किनाऱ्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते. त्यांना वाटलं खेळतोय. मी उठून त्यांच्यापाशी गेलो आणि सांगितलं की हा त्याचा शेवटचा उपाय आहे, तो जीव तोडून आपल्याला जा म्हणतोय. दोघं-तिघांनी फोन खाली केले. एका बाईंनी बोटवाल्याला हाताने खूण करून हळू जायला लावलं. किनाऱ्यापासून दीडशे फुटांत बोट अगदी हळू चालवायची हा इथे नियमच आहे.

मी महिन्यापूर्वी त्या लोकांसारखाच होतो हे डोक्यातून जात नव्हतं.

निशिगंध | ६ जुलै

सांगायला गेलात हे फार आवडलं.

पाणवठा | १२ जुलै

मदत हवीये. आज मोठा लून एक पाय पाण्याबाहेर काढून वर हलवतो, झटकतो, मग पंखाखाली खुपसतो आणि तसाच तरंगतो. पाय मोडलाय का? मासेमारीचा दोरा अडकलाय का?

स्वराली_मेन | १२ जुलै

घाबरू नका, नेहमीचं आहे, सगळेच करतात. दर उन्हाळ्यात लोक ह्याच कारणाने मदतीला फोन करतात. पण त्या पायाचा फोटो आहे का? कडी दिसतात का बघा.

पाणवठा | १२ जुलै

आहेत! मोठं करून बघितलं, उजव्या पायात एक चंदेरी आणि खाली एक लाल, डाव्या पायात दोन, हिरवी आणि पांढरी वाटतायत.

स्वराली_मेन | १२ जुलै

मग हा फोटो लगेच मोल्टनबरोच्या लून प्रिझर्व्हेशन कमिटीकडे पाठवा, १९७५ पासून ते तुमच्या राज्यातल्या लूनची नोंद ठेवतात. चंदेरी कड्यावर नंबर असतो आणि रंगांची जुळणी प्रत्येकाची वेगळी. कडी घालायला रात्री बोटीतून जातात, दिव्याचा झोत टाकून, पिल्लाचा आवाज काढून बोलावतात, जाळीने उचलतात, अर्ध्या-पाऊण तासात परत सोडतात.

आणि ह्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी आठ ते नऊ तुमच्याकडे मोजणी असते, जा. आमच्या मेनमधे सात ते साडेसात, १९८३ पासून.

पाणवठा | २१ जुलै

मोजणीला गेलो, लेकही आली. आमच्या तळ्यावर मोठे २, पिल्लं २. कमिटीचं उत्तर आलं, तो नर आहे, आठ वर्षांपूर्वी ह्याच तळ्यावर कडी घातली होती, तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. म्हणजे आम्ही इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून तो इथला. लेकीने त्याचं नाव तात्या ठेवलंय.

पाणवठा | २९ जुलै

एकच पिल्लू आहे आता.

परवा संध्याकाळपर्यंत दोन होती. काल पहाटे थरथरता आवाज खूप वेळ चालला होता, दोघंही ओरडत होते, मी धावत गेलो तर पाईनच्या शेंड्यावर बाल्ड ईगल बसलेला. मी काही होताना बघितलं नाही. रात्री दोनला परत तो लांब सूर. बायको आणि मी दोघंही जागेच होतो.

चिंचवडचे_आजोबा | २९ जुलै

वाईट वाटलं. गरुडाच्याही घरट्यात पिल्लं असतील, पण तरी वाईट वाटलंच.

स्वराली_मेन | ३० जुलै

दोनातलं एक जगलं तरी ते वर्ष चांगलं धरतो आम्ही. जे आहे ते आता पाच आठवड्यांचं, तपकिरी झालं असेल, स्वतः बुड्या मारत असेल. सगळ्यात धोक्याचे दिवस गेले.

गरुड हा निसर्ग झाला, मला जास्त राग येतो तो शिशाचा. लून तळातले खडे गिळतात, पोटातल्या जात्यात मासे दळायला. खडा म्हणून गळाचं शिशाचं वजन गिळलं किंवा ते पोटात असलेला मासा खाल्ला की पोटातलं ते जातं आणि पोटातलं आम्ल मिळून शिसं विरघळवतात, आणि पाच किलोचा पक्षी दोन ते चार आठवड्यांत मरतो. एक तुकडा पुरतो. मी मागच्या वर्षी असा एक उचलला होता, जिवंत होता, मान धरवत नव्हती, टॉवेलमधे गुंडाळून दवाखान्यापर्यंत नेईतो मांडीवरच गेला. न्यू हॅम्पशायरमधे मोठ्या लूनच्या मरणाचं पहिलं कारण हेच आहे. २०१६ च्या जूनपासून तुमच्याकडे एक औंस किंवा कमी वजनाच्या शिशाच्या गळसामानावर विक्रीलाही बंदी आहे, पण घराघरात आजोबांच्या जुन्या डब्यांत अजून पडलंय ते.

पाणवठा | २ ऑगस्ट

ताईंचं वाचून काल शेजारच्या आजींकडे गेलो, त्यांच्या यजमानांचा गळाचा डबा गॅरेजमधे होता. त्यांना सांगितलं, त्यांनी डबाच पुढे केला. आम्ही दोघं टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो, जे मऊ आहे, नखाने ओरखडा उठतो, ते शिसं, ते बाजूला. वाटीभर निघालं. ते जमा करायला देऊन आलो आणि टंगस्टन आणि टिनचे नवे तुकडे त्यांच्या नातवासाठी आणले.

उजनीकाठ | ३ ऑगस्ट

आमच्याकडं पण जाळ्याला शिशाच्या गोळ्याच असत्यात. कधी असा विचारच केला नव्हता. भोई लोकांशी बोलतो.

पाणवठा | २२ सप्टेंबर

धागा वर काढतोय. पिल्लू आता पिल्लू म्हणवत नाही, आकाराने आईएवढं, राखाडी, डोळा अजून तपकिरी. आज पहिल्यांदा उडण्याचा सराव बघितला. ह्यांची हाडं बाकी पक्ष्यांसारखी पोकळ नाहीत, बरीचशी भरीव, म्हणून वजन जास्त आणि उडायला पाण्यावर लांब धाव लागते. तळ्याच्या उत्तर टोकापासून सुरुवात केली, पंख मारत, पाय पाण्यावर आपटत, चटचटचट आवाज, अर्धं तळं ओलांडलं, पाणी सुटलं नाही, धपकन बसलं. पाच मिनिटांनी परत त्याच टोकाला जाऊन परत तेच. कॅमेरा होता, पण मी लेकीला दुर्बीण धरून देत होतो.

पाणवठा | १४ ऑक्टोबर

दोघंही मोठे गेले. आधी मादी, मग मागच्या आठवड्यात तात्या, चोचीभोवती पिसं पांढरट व्हायला लागली होती त्याची. पिल्लाला ठेवून आधी आई-बाप निघतात, हे माहीत होतं पण बघायला जड गेलं. तळ्यावर ते एकटंच आहे, स्वतःचं स्वतः मासे मारतंय. रोज सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन येतो.

मृण्मयी१२ | १४ ऑक्टोबर

वाट कोण दाखवतं मग त्याला?

स्वराली_मेन | १५ ऑक्टोबर

कोणी नाही. एकटंच निघतं आणि समुद्रावर पोचतं. आमच्याकडचे लून फार लांब जात नाहीत, मेनपासून ऱ्होड आयलंडपर्यंतच्या किनाऱ्यावरच असतात बरेचसे. खारं पाणी पितात, डोळ्यांच्या वरच्या ग्रंथीतून मीठ बाहेर टाकतात. लहान पिल्लू तिथे तीनेक वर्षं राहील, मगच गोड्या पाण्याकडे वळेल, बहुतेक तुमच्याच भागात. फक्त तळं गोठायच्या आत निघायला हवं, कडेने बर्फ धरत गेलं की धावायला जागा उरत नाही आणि अडकतात.

पाणवठा | ९ नोव्हेंबर

काल सकाळी होतं. आज नाही. कडेला लव्हाळ्यात पापुद्र्याएवढं बर्फ धरलंय, मधलं पाणी मोकळं आहे. तरी पूर्ण किनारा पायी फिरून बघितला, कुठे अडकलंय का म्हणून, नाही. लेक म्हणाली शनिवारी समुद्रावर जाऊ, पोर्ट्समथच्या बाजूला, दीड तासावर आहे. तिथे शेकडो असतील आणि सगळे राखाडी, ओळखू येणार नाही असं तिला सांगितलं. तरी जाऊ म्हणाली. दुर्बीण तिने स्वतःच बॅगेत भरून ठेवलीये.